बारा दिवसांचा आराम

पोळा फुटला, बैल घरी आले, त्यांना ओवाळून झालं आणि पुरणपोळीवर सढळ हातानं तूप घेऊन आम्ही जेवलो. रात्री साडेबाराच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कुणी मूठ आवळावी तसं दुखायला लागलं, आणि ती मूठ सुटेना. दुखणं पाठीत शिरलं, उजव्या फऱ्यापर्यंत गेलं. उठून पाहिलं, बसून पाहिलं, ओणवी झाले, दोनदा उलटी झाली. पहाटे चारला ते जसं आलं तसंच निघून गेलं. सकाळी तान्ह्या पोळ्याला शाळेतल्या मुलांचे लाकडी नंदी बघायला मी नेहमीसारखी उभी होते.

पित्ताशयाच्या खड्यांचं दुखणं माणसाला फसवतं ते असं. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो, पिशवी त्याला ढकलायला आवळते, खडा मागं सरकला की सगळं शांत. आमच्या मारेगावात अशा दुखण्याला एकच नाव आहे, गॅस. ओवा चावला, सोडा घेतला, मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणली. घटस्थापनेनंतर उपवासाची साबुदाण्याची उसळ खाल्ली, तिच्यात फल्लीदाण्याचा भरपूर कूट होता, आणि त्या रात्री पुन्हा तेच. मग मात्र हे मला वणीला घेऊन गेले. वणी आमच्यापासून वीसेक किलोमीटर. सोनोग्राफी म्हटलं की तालुक्यातली बरीच माणसं तिकडंच जातात. रिपोर्टात होतं, पित्ताशयात अनेक खडे.

गल्लीत बातमी पसरल्यावर उपाय यायला लागले. कुळथाचं पाणी प्या, पानफुटीची पानं खा, गाळलेलं पाणी प्या कारण इथलं पाणी जड. सगळे जीव लावून सांगत होते, पण ते सांगत होते मुतखड्यावरचं. पित्ताशयातला खडा वेगळ्या घरचा. तो बहुतेक वेळा पित्तातलं कोलेस्टेरॉल साकळून होतो, पाण्यातल्या क्षारांनी नाही, आणि लघवीच्या वाटेनं पडण्याचा प्रश्नच नाही, कारण त्याची वाट तिकडं जातच नाही. तो निसटला तर पित्तनलिकेत जातो; तिथं अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. त्रास न देणारे खडे पुष्कळांच्या पोटात आयुष्यभर पडून असतात आणि त्यांना हात लावायची गरज नसते. पण एकदा दुखायला लागलं की पुन्हा दुखतं, आणि तेव्हा पिशवीच काढावी लागते. डॉक्टरांनी हे पाच मिनिटांत समजावलं. मला ते पटायला दिवाळी उजाडली.

दिवाळीनंतर जिल्ह्याबाहेरच्या एका शहरात, एका खासगी दवाखान्यात, माझं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुपारी आत नेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. पोटावर चार छोट्या पट्ट्या. एक बेंबीशी, एक वर छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या अंगाला. हातात एक प्लास्टिकची डबी, तिच्यात माझे सतरा खडे, तुरीच्या दाण्याएवढे, पिवळसर तपकिरी. आणि कार्डावर औषधांच्या यादीखाली शेवटचा शब्द, आराम. किती दिवस, कशाकशापासून, ते लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

गाडीत पोटाशी उशी धरून बसले होते. वणीच्या अलीकडं प्रत्येक गतिरोधकाला उशी दाबायची. पण पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता, आणि तो इतका की घरी पोचेपर्यंत माझ्या मनानं ठरवून टाकलं, हे हृदयाचं आहे. रात्रभर मी छताकडं बघत पडून राहिले. कुणाला उठवलं नाही, कारण सगळे आधीच दमलेले. सकाळी मारेगावातल्याच एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूचा परिणाम. दुर्बिणीला आत जागा मिळावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. त्यातला थोडा मागं राहतो, श्वासपटलाला डिवचतो, आणि श्वासपटलाची नस मानेतून येत असल्यामुळं मेंदूला वाटतं की खांदाच दुखतोय. दोन-तीन दिवसांत वायू विरतो. घरातल्या घरात चालत राहा म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुखणं तेवढंच होतं, पण मला ते सोसवलं. आदल्या रात्री तेच दुखणं मला मरणाचं वाटलं होतं. सुटी देताना कुणी हे एक वाक्य मराठीत सांगितलं असतं तर माझी ती रात्र वाचली असती. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं, कारण ते वाक्य सांगायला अर्धं मिनिट लागतं.

पुढचे दिवस लहानलहान गोष्टी शिकण्यात गेले. सगळ्यात आधी बाज बदलावी लागली. सुंभाची बाज मधे खोलगट होते; तीतून उठायचं म्हणजे पोट आवळावंच लागतं. धाकट्या जाऊबाईंनी मला दिवाणावर हलवलं. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातावर भार घेऊन उठायचं. हे जमलं आणि निम्मं दुखणं कमी झालं. वेदनाशामक गोळी मी आधी दुखलं की घेत होते. दुखणं एकदा चढल्यावर ती उशिरा चढते. ठरलेल्या वेळी घेतली तर दुखणं वर येतच नाही, हे तिसऱ्या दिवशी उमगलं. खोकला आला की उशी. पहिले दोन दिवस घसा खरखरत होता, तो भूल देताना घातलेल्या नळीमुळं. पोट साफ व्हायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांबद्दल बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत. खरं तर बोलायला हवं, कारण कुंथण्यानं टाक्यांवर ताण येतो, आणि पाणी, पपई, थोडं चालणं यांनी ते सुटतं.

खाण्याचा प्रश्न आमच्या भागात अवघड. गोळाभातावर कडकडीत फोडणीचं तेल ओतल्याशिवाय आमचं जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पित्त तयार होतं यकृतात, आणि पिशवी गेली तरी यकृत ते करतच राहतं, दिवसाला पाऊण-एक लिटर. पिशवीचं काम ते आटवून साठवायचं आणि तेलकट आलं की एकदम सोडायचं. आता ते थेंबथेंब सारखं आतड्यात येतं. त्यामुळं बेताचं तेल सहज पचतं, एकदम पुष्कळ आलं तर पातळ संडासला धावावं लागतं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत सुटतं. मला दोन महिने लागले. ज्वारीची भाकर, पातळ वरण, दुधीची भाजी, असं चाललं. सासूबाई रोज म्हणायच्या, "तेलाशिवाय माणूस उभा राहीन कसा?" आणि रोज माझ्यासाठी वेगळी भाजी करायच्या.

काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात जास्त, आपल्याकडं त्या मानानं कमी. तरी पिशवी तपासतातच आणि तपासावीच. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांचं दुखणं कुठल्या पट्टीखाली नव्हतं. रिपोर्ट चांगला आला तेव्हा ह्यांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला, इंग्रजीतला, एकेक शब्द जोडत.

या सगळ्या काळात मी वाचत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदानं १५ जुलै १८८२ रोजी माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं. तोवर डॉक्टर पिशवी उघडून फक्त खडे काढत आणि पुन्हा खडे होत. लांगेनबुखचं म्हणणं, पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, पिशवी खडे तयार करते म्हणून ती काढायची. तो रुग्ण ४३ वर्षांचा होता, १६ वर्षं दुखणं सोसत होता. तो सहा आठवड्यांनी घरी गेला. पुढं शंभर वर्षं हेच ऑपरेशन पोटावर मोठा छेद घेऊन होत राहिलं. दुर्बिणीतून ते पहिल्यांदा केलं जर्मनीतल्याच एरिक म्यूह यांनी १९८५ साली, आणि भारतात ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी. जे. जे. म्हणजे गोरगरिबांचं सरकारी रुग्णालय. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा खरा लाभ गरीब देशातल्या कष्टकऱ्याला, कारण तो लवकर कामावर परततो, ही भूमिका उदवाडियांनी जन्मभर मांडली. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

सहा आठवड्यांचा दवाखाना एका रात्रीवर आला, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या आईच्या पिढीतल्या एका नात्यातल्या बाईच्या पोटावरचा वीतभर व्रण मी पाहिला आहे. पण छेद लहान झाला म्हणून आतली जखम एका दिवसात भरत नाही. राहिलेला आराम घरावर येतो, आणि घरात आराम आपोआप होत नाही. तो कुणीतरी करून द्यावा लागतो.

माझा आराम बारा दिवसांचा झाला. स्वयंपाक जाऊबाईंनी केला. भांडी, धुणं, नळाचं पाणी भरणं, सगळं मावशींनी केलं. मावशी म्हणजे आमच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला येणाऱ्या बाई. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. वेचणीचे दिवस, किलोवर मजुरी मिळण्याचे, वर्षातले कमाईचे दिवस. तरी रोज सकाळी आधी आमच्याकडं येऊन मग त्या वावरात जायच्या. "उठू नोका म्याडम, मी आहो ना," म्हणायच्या. आम्ही त्यांना पैसे दिले. पण वेचणीत त्यांचे जेवढे बुडत होते तेवढे ते नव्हते, हा हिशेब मी तेव्हा केला नाही.

तेराव्या दिवशी मी शाळेत रुजू झाले. अठराव्या दिवशी, नळ येऊन जात होता आणि घरात कुणी नव्हतं म्हणून, मी भरलेला गुंड उचलला. बेंबीत ओढ बसली, रात्री पट्टीतून पाणी यायला लागलं. आमच्या डॉक्टरांनी आठवडाभर ड्रेसिंग केलं. तेव्हा त्यांनी सगळं नीट सांगितलं, आणि मी वहीत लिहून घेतलं. महिनाभर गुंड, बादली, पोतं उचलायचं नाही. थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, पोट फुगलं, उलट्या थांबेनात, दुखणं दिवसागणिक उतरायच्या ऐवजी चढायला लागलं, एका पायाची पोटरी सुजली, की वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. पित्त आत गळत असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यात असंच कळतं. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याच्या जिवावर बेततं.

ती वही माझ्या कपाटात राहिली. जानेवारीत मावशींचंही तेच ऑपरेशन झालं. मला कळलं तेव्हा त्या घरी आलेल्या होत्या. मी फळं घेऊन गेले, पंधरा मिनिटं बसले, "आराम करा" म्हणाले आणि परतले. दहाव्या दिवशी रविवारी मी वावरात गेले, फरदडीचा कापूस निघत होता, आणि पऱ्हाटीच्या तासात मावशी होत्या. कमरेला बांधायची ओटी त्यांनी खांद्यावरून तिरपी घेतली होती, बेंबीवर दाबू नये म्हणून. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "वाकलं का ओढते थोडसंक. चालते." सून दुसऱ्याच्या वावरात, मुलगा कोळसा खाणीवर रोजंदारीला; घरी पडून राहिलं तर चूल कोण पेटवणार. त्यांना खांद्याच्या दुखण्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन रात्री भिंतीला टेकून बसून होत्या. माझी वही त्यांच्या घरापासून तीन गल्ल्या दूर होती.

मला वैद्यकीय रजा होती, पगार चालू होता, जाऊ होती, आणि मावशी होत्या. मावशींना मावशी नव्हत्या.

मला ते लागून राहिलं. त्यानंतर महिनाभर त्यांच्याकडचं पाणी आमच्या मुलानं भरलं; उशिराच, पण भरलं. त्यांची जखम बरी झाली, माझीही. मार्चपासून मी जिना चढताना पोटाचा विचार करत नाही. यंदाच्या पोळ्याला एक पुरणपोळी खाल्ली, चमचाभर तुपाशी, आणि रात्री झोप लागली. बेंबीजवळ हवा बदलली की थोडं ओढतं, तेवढंच.

परवा सीतादहीच्या दिवशी, वेचणीला सुरुवात करताना, वावराच्या कडेला दहीभाताचा नैवेद्य ठेवून झाल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. सुनेच्या पोटात दोन वेळा उठलं, वणीला दाखवलं, तिलाही खडे निघाले. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मी घरून वही आणायला मुलाला पाठवत होते, तर म्हणाल्या, "वाचता कोणाले येते म्याडम, सांगा तुमी." मग बांधावर बसून मी सांगितलं. खांद्याचं, उशीचं, कुशीवरून उठायचं, गोळीच्या वेळेचं, तापाचं, पिवळ्या डोळ्यांचं. एकेक त्यांनी माझ्यामागून म्हणून दाखवलं, चुकलं तिथं पुन्हा म्हटलं.

"अन् आराम किती दिवसाचा?"

"पंधरा दिवस तरी. गुंड महिनाभर नाही."

त्या गप्प झाल्या. मग ओटीची गाठ सोडून अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मोजायला लागल्या. "सोमवारी मी राहीन तिच्याजवळ. मंगळवारी माही लेक येईन. बुधवारी..." बुधवारच्या पेरावर त्यांचा अंगठा थांबला.

"बुधवारी मी," मी म्हणाले. "शाळा सुटल्यावर. अन् पाण्याला पोरगा येईल."

मान हलवून त्यांनी अंगठा पुढच्या पेरावर नेला.