तीन मिनिटांचा अभ्यासक्रम

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाचा कॉलेजांचा एक प्रकार आहे. शालेय शिक्षण संपवलेल्या मुलामुलींना, तसेच नोकरी करणाऱ्या प्रौढांनाही, घराजवळच आणि कमी खर्चात दोन वर्षांचे शिक्षण तिथे मिळते. अशा सरकारी कॉलेजांपैकी आजही चालू असलेले सर्वांत जुने कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. या कॉलेजांत तातडीची वैद्यकीय मदत, विमानतळावरील अग्निशमन आणि फ्रेंच भाषा असे विषय शिकता येतात. तुम्ही म्हणाल, “हा कसला मेळ? कुठे आग, कुठे मलमपट्टी आणि कुठे फ्रेंच!” पण मेळ आहे. तो समजण्यासाठी प्रथम एक छोटेसे गणित करू या.

विमानाच्या बाहेरचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. समजा, तो २ मिलिमीटर जाड आहे. त्याचा एक चौरस मीटरचा तुकडा घेतला, तर त्याचे वस्तुमान सुमारे ५.४ किलोग्रॅम भरेल. सोयीसाठी तो शुद्ध ॲल्युमिनियमचा मानू. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याचा विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला, दर अंशाला ०.९ किलोज्यूल आहे. तेव्हा २० अंशांपासून ६६० अंशांपर्यंत पत्रा तापवायला ५.४ × ०.९ × ६४०, म्हणजे सुमारे ३,१०० किलोज्यूल उष्णता लागेल. पुढे तो वितळवण्यासाठी अप्रकट उष्मा हवा. तो दर किलोग्रॅमला सुमारे ४०० किलोज्यूल, म्हणजे आणखी साधारण २,१०० किलोज्यूल. एकूण झाले ५,२००.

आता विमानाखाली सांडलेल्या इंधनाने पेट घेतला आणि त्या ज्वाळांतून पत्र्याच्या दर चौरस मीटरला सेकंदाला १०० किलोज्यूल उष्णता मिळू लागली असे धरा. मोठ्या आगीत एवढी उष्णता सहज मिळते. भागाकार करा. उत्तर येते ५२ सेकंद! एका मिनिटाच्या आत पत्रा वितळून आगीला आत शिरायला वाट मिळते. आतले उष्णतारोधक थर आणखी थोडा वेळ तग धरतात, इतकेच.

या हिशोबावरून पुढचा नियम तुम्हांला सहज पटेल. अमेरिकेच्या नियमानुसार धोक्याची घंटा वाजल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला बंब सर्वांत दूरच्या धावपट्टीच्या मध्यापर्यंत पोचून फवारा सुरू करू शकला पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचेही तीन मिनिटांचेच बंधन आहे, आणि भारत या संघटनेचा सदस्य आहे. विमान बनवणाऱ्यांवरही बंधन असते. ४४ हून अधिक आसनांच्या विमानातून, निम्मीच दारे वापरून, सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवून द्यावे लागते.

बंब आला, पण त्यातून नुसते पाणी मारून भागेल का? विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे केरोसीन. त्याची घनता सुमारे ०.८. ते पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर पसरत जाते. म्हणून फेस वापरतात. फेस इंधनाहूनही हलका असल्यामुळे तो त्यावर गोधडीसारखा पसरतो, हवेचा आणि वाफांचा संबंध तोडतो आणि त्यातले पाणी पृष्ठभाग थंड करते. पूर्वीच्या प्रभावी फेसांत फ्लोरीनची अशी संयुगे असत, की जी माती-पाण्यात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. म्हणून आता फ्लोरीनविरहित फेस वापरात येत आहेत.

पण आग विझली म्हणजे काम संपले असे नाही. १९८५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर एका विमानाने उड्डाणापूर्वीच धावपट्टीवर पेट घेतला. विमानातील १३७ जणांपैकी ५५ जण दगावले. त्यांतील बहुतेकांचा जीव भाजल्याने नव्हे, तर विषारी धुराने गेला. धुराने बेशुद्ध झालेल्या माणसाचा श्वास आणि हृदय थांबले, तर चार-सहा मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबून रक्त फिरते ठेवावे लागते. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायला वेळ कुठला? म्हणून अमेरिकेच्या नियमानुसार प्रवासी विमानांची ये-जा चालू असताना विमानतळावर निदान एक तरी असा माणूस हजर लागतो, ज्याने तातडीच्या उपचारांचे किमान ४० तासांचे शिक्षण घेतले आहे. रक्तस्राव, भाजणे, मणक्याची इजा हे सारे त्यात येते, आणि ‘ट्रिआज’ही येते.

हा ‘ट्रिआज’ शब्द आला आहे फ्रेंचमधून. त्याचा अर्थ निवडणे. आजी सुपात धान्य निवडते ना, तसेच! नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने जखमी सैनिकांवर त्यांच्या हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर जखमेच्या गांभीर्याप्रमाणे उपचार करण्याची पद्धत रुजवली. ‘ॲम्ब्युलन्स’ हा शब्दही मूळचा फ्रेंच. आणि संकटातला वैमानिक रेडिओवर तीन वेळा उच्चारतो तो ‘मेडे’? त्याचे मूळ ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत आहे. १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी मॉकफर्ड याने तो सुचवला, कारण तिथली पुष्कळशी ये-जा पॅरिसशी होती. ‘एसओएस’ का नको? ‘स’ या ध्वनीची बरीचशी ऊर्जा उच्च वारंवारतेत असते. दूरध्वनी आणि रेडिओ नेमका तोच भाग गाळतात, म्हणून ‘स’ नीट ऐकू येत नाही.

२ ऑगस्ट २००५ रोजी पॅरिसहून आलेले एक विमान कॅनडातील टोरांटो येथे वादळी पावसात उतरताना धावपट्टी ओलांडून घळीत गेले आणि पेटले. विमानात ३०९ माणसे होती. बंब अवघ्या मिनिटाभरात पोचले. कित्येक जण जखमी झाले, विमान जळून गेले, पण सर्वच्या सर्व ३०९ जण वाचले! अशा वेळी घाबरलेल्या, इंग्रजी न समजणाऱ्या प्रवाशाला “इकडे या, सामान टाका” एवढे फ्रेंचमध्ये सांगता येणे हेदेखील जीव वाचवण्याचेच काम नाही का?

आता ते तीन विषय पुन्हा शेजारी ठेवून पाहा. एक आगीला थोपवतो, दुसरा थांबलेला श्वास चालू करतो आणि तिसरा माणसाला माणसाचे बोलणे समजावतो. तिन्हींची परीक्षा एकदम येते आणि उत्तरपत्रिकेसाठी वेळ मिळतो तीन मिनिटांचा. त्या वेळी पुस्तक उघडता येत नाही. तेव्हा अभ्यास आधीच झालेला असावा लागतो.

घरी एक प्रयोग करून पाहा. (आगीजवळ मात्र मुळीच नको!) ग्लासभर पाण्यात दोन चमचे गोडे तेल ओता आणि वरून आणखी पाणी घाला. तेल पुन्हा वरच येईल. आता साबणाचा घट्ट फेस करून तो त्यावर अलगद ठेवा आणि घड्याळ लावून बघत राहा. तुमच्या फेसाची गोधडी तीन मिनिटे टिकते का?