फेब्रुवारीतलं लेट्यूस

सकाळी 6. पुण्यात फेब्रुवारीची पहाट अजून गार असते, तेवढ्यात लेट्यूसची पानं खुडून घ्यायची. उन्हं वर आली की ती लुळी पडतात. बाहेरची मोठी पानं देठाशी मोडते, मधला गाभा तसाच ठेवते. तिथूनच नवी पानं येतात. आइसबर्गच्या घट्ट गड्ड्याच्या नादी मी लागत नाही. त्याला हवी तेवढी लांब थंडी गच्चीवर मिळत नाही.

6.30. रोमेनचं एक रोप मधूनच उंच व्हायला लागलंय. शेंडा मोडला तर पांढरा चीक आला, पान चाखलं तर कडू. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की लेट्यूसला फुलाची घाई होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘राहू दे, बी तरी मिळेल.’’ बी मिळेल, पण उतावळ्या रोपाचं बी धरलं तर पुढची पिढीही उतावळी निघण्याची भीती. सगळ्यात उशिरा फुलेल त्याचंच बी धरायचं. हे उपटलं आणि कंपोस्टमध्ये टाकलं.

7. पानांच्या पाठी बघायच्या. मावा दिसला की पाण्याची जोरात धार. उरला तर संध्याकाळी निंबोळी तेल.

8. डब्यात लेट्यूसचा घोळाणा: कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल. सासूबाई जळगावच्या. ‘‘मेथीची चव याला कुठली गं!’’ म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतात.

11. मी ऑफिसात, हिरवी शेडनेट सासूबाई ओढतात. दुपारी पानं मान टाकतात, पण माती ओली असेल तर पाणी घालायचं नाही, हे त्यांना आता पटलंय. ऊन उतरलं की पानं आपोआप सावरतात.

संध्याकाळी 6. बोट खुपसून माती बघायची, मग झारीने बुंध्याशी पाणी. मुळं उथळ असल्यामुळे थोडं पण नेमाने.

7. ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेलं बी आज पेरायचं. गरम मातीत लेट्यूसचं बी झोपून राहतं, म्हणून ही थंडी आणि रात्रीची पेरणी. बियांना उजेडही लागतो; वर कोकोपीटचा नुसता हात फिरवला. ही रोपं मोठी होईपर्यंत उन्हाळा गाठेल. त्यामुळे बोटभर झाली की कापून खायची.