क्लाउड क्लस्टरवरील नोटबुकांचे स्वयंचालन

विदा-विश्लेषणासाठी लिहिलेली नोटबुक ब्राउझरमध्ये उघडून हाताने चालवण्याऐवजी दुसऱ्या आज्ञावलीच्या हुकमाने भाड्याच्या संगणक समूहावर, म्हणजे क्लाउडमधील क्लस्टरवर, चालवण्याच्या पद्धतीस नोटबुकांचे स्वयंचालन म्हणतात. नोटबुक ही मुळात संशोधकाची प्रयोगवही आहे. तिच्यात आज्ञावलीचे तुकडे, त्यांची उत्तरे, आलेख व स्पष्टीकरणाचा मजकूर एकत्र नांदतात. अशी वही रोज पहाटे कोणीही समोर नसताना चालू लागली, की तिच्या उत्तरावर इतरांचे अहवाल, देयके व निर्णय अवलंबून राहतात. या पद्धतीतील बहुतेक तांत्रिक प्रश्न या स्थित्यंतरातूनच उद्भवले आहेत.

पार्श्वभूमी

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथॉन या प्रकल्पास आरंभ केला. त्यातून २०११ मध्ये ब्राउझरवर चालणारी नोटबुक आली व २०१४ मध्ये प्रोजेक्ट ज्युपिटर हा स्वतंत्र मुक्तस्रोत प्रकल्प आकारास आला. ज्युलिया, पायथॉन व आर या तीन भाषांच्या नावांवरून हे नाव घडवलेले आहे. गुरू ग्रहाच्या उपग्रहांची निरीक्षणे गॅलिलिओने ज्या वह्यांत टिपली, त्यांचाही त्यात निर्देश आहे.

याच काळात मोठी विदा अनेक यंत्रांवर वाटून हाताळण्याची साधने विकसित होत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे मतेई झहारिया यांनी २००९ मध्ये स्पार्कचे काम सुरू केले. ॲमेझॉनची ईएमआर ही क्लस्टर सेवा त्याच वर्षी उपलब्ध झाली. स्पार्कच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये डेटाब्रिक्स ही कंपनी स्थापली व नोटबुक हेच आपल्या सेवेचे मुख्य दालन केले. ईएमआर सेवेत नोटबुकांची सोय २०१८ मध्ये आली. त्याच वर्षी नेटफ्लिक्स कंपनीच्या अभियंत्यांनी आपली नियोजित विदा-कामे नोटबुकांच्या रूपात चालवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यासाठी वापरलेल्या पेपरमिल या मुक्तस्रोत साधनामुळे ही पद्धत सर्वत्र परिचित झाली.

कार्यपद्धती

ज्युपिटर नोटबुक ही प्रत्यक्षात जेसन स्वरूपातील एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यातील आज्ञावली ब्राउझर चालवत नाही. ते काम कर्नल नावाची स्वतंत्र प्रक्रिया करते, आणि ब्राउझर तिला एकेका सेलमधील मजकूर संदेशाद्वारे पाठवून आलेले उत्तर दाखवतो. स्वयंचालन शक्य होते ते या विभागणीमुळे. ब्राउझरच्या जागी एखादी आज्ञावली बसवली, तिने कर्नल सुरू करून सर्व सेल वरून खाली क्रमाने पाठवले आणि उत्तरे गोळा करून फाइलीत लिहिली, तर कर्नलच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

क्लस्टरच्या बाबतीत आणखी एक पायरी वाढते. स्पार्कमध्ये नोटबुकमधील आज्ञा ड्रायव्हर या मुख्य प्रक्रियेकडे जातात. तो कामाचे लहान तुकडे करून ते एक्झिक्युटर नावाच्या प्रक्रियांना वाटतो, आणि या प्रक्रिया क्लस्टरमधील निरनिराळ्या यंत्रांवर चालतात. नोटबुक क्लस्टरबाहेरच्या यंत्रावर असल्यास लिव्हीसारखा मध्यस्थ सर्व्हर लागतो, जो आज्ञा एचटीटीपीद्वारे स्वीकारून स्पार्ककडे पोहोचवतो. ज्युपिटर एंटरप्राइज गेटवे हा दुसरा मार्ग असून त्यात कर्नलच क्लस्टरमध्ये सुरू केला जातो.

स्पार्कचा एक गुणधर्म येथे जाणून घेणे आवश्यक आहे. स्पार्क दिलेले रूपांतर तत्काळ करत नाही. उत्तर प्रत्यक्ष मागितले जाईपर्यंत तो केवळ योजना आखून ठेवतो. त्यामुळे चौथ्या सेलमध्ये तारखेचे चुकीचे रूपांतर लिहिले असले, तरी त्रुटी नवव्या सेलमध्ये, म्हणजे तक्ता लिहिण्याच्या वेळी प्रकट होऊ शकते. पहाटे पडलेल्या कामाची नोंद सकाळी वाचणाऱ्यास नववा सेल दोषी वाटतो, आणि शोध चुकीच्या जागी सुरू होतो.

पॅरामीटर

एकच नोटबुक निरनिराळ्या तारखांसाठी, शाखांसाठी वा प्रदेशांसाठी चालवता यावी म्हणून तिला बाहेरून मूल्ये द्यावी लागतात. पेपरमिलमध्ये लेखक एका सेलला 'पॅरामीटर्स' अशी खूण लावतो व त्यात मूळ मूल्ये लिहितो. चालवताना दिलेली नवी मूल्ये त्या सेलच्या लगेच खाली एका नव्या सेलमध्ये घातली जातात आणि आधीच्या मूल्यांची जागा घेतात. खूण नसल्यास नवा सेल नोटबुकच्या आरंभी बसतो. अशा वेळी पुढे कोठे तरी लिहिलेले मूळ मूल्य बाहेरून दिलेल्या मूल्यास पुसून टाकते. काम निर्वेध पूर्ण होते, पण ते भलत्याच दिवसाचे असते. कोणताही इशारा न देणारी ही चूक असल्याने ती त्रुटी दाखवून थांबणाऱ्या चुकीपेक्षा अधिक घातक ठरते.

मूल्यांच्या प्रकाराबाबतही दक्षता लागते. पेपरमिलच्या आदेश-ओळीवरून दिलेले मूल्य संख्येसारखे दिसले, तर ते साधन त्याला संख्या मानते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० असा दिला, तर नोटबुकला केवळ २० मिळतात. मूल्य अक्षरशः जसेच्या तसे पोहोचवण्यासाठी वेगळा पर्याय वापरावा लागतो. डेटाब्रिक्समध्ये याच्या उलट घडते. तेथे विजेटद्वारे मिळणारे मूल्य नेहमी मजकूरच असते, आणि 'फॉल्स' हा मजकूर रिकामा नसल्याने पायथॉन त्याला सत्य समजते. केवळ चाचणी म्हणून चालवलेल्या नोटबुकने खऱ्या तक्त्यात लेखन करण्यास एवढी गफलत पुरेशी असते.

तारीख हा पॅरामीटर विशेष महत्त्वाचा आहे. 'आजची तारीख' नोटबुकच्या आतच संगणकाच्या घड्याळावरून घेतली, तर मागील मंगळवारचे फसलेले काम शुक्रवारी पुन्हा चालवता येत नाही. क्लाउडमधील यंत्रांचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते व भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. परिणामी पहाटे साडेपाचपूर्वी सुरू झालेले काम आदल्या दिवसाची तारीख घेते.

क्लाउड सेवांमधील रूपे

ईएमआरमध्ये 'स्टार्ट नोटबुक एक्झिक्युशन' या आज्ञेस नोटबुकचा ओळख क्रमांक, तीमधील फाइलीचा मार्ग, आधीपासून चालू असलेल्या क्लस्टरचा क्रमांक, सेवेची भूमिका आणि जेसन स्वरूपातील पॅरामीटर द्यावे लागतात. ही आज्ञा काम पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. ती केवळ एक क्रमांक परत करते. पुढील स्थिती त्या क्रमांकाने ठरावीक अंतराने विचारावी लागते. 'आज्ञा स्वीकारली गेली' म्हणजे 'काम झाले' असे मानणारी आज्ञावली लिहिली, तर नोटबुक अर्ध्यात पडूनही वेळापत्रकात हिरवी खूण दिसत राहते. चालवलेल्या नोटबुकची उत्तरांसह प्रत एसथ्री या साठवण सेवेत जतन होते.

डेटाब्रिक्समध्ये बाहेरील आज्ञावली जॉब्ज एपीआयद्वारे नोटबुक चालवते. एका नोटबुकमधून दुसरी चालवण्याचे दोन मार्ग आहेत व त्यांचा नेहमी घोटाळा होतो. 'रन' ही जादूआज्ञा दुसऱ्या नोटबुकचा मजकूर पहिलीतच उतरवल्यासारखी वागते, त्यामुळे दोघींची चले एकच होतात. डीबीयूटिल्समधील नोटबुक-रन हे फलन मात्र स्वतंत्र काम सुरू करते, कालमर्यादा व पॅरामीटर घेते आणि एकच मजकुरी मूल्य परत आणते. म्हणून मोठे उत्तर तक्त्यात लिहून केवळ त्या तक्त्याचे नाव परत करण्याचा प्रघात आहे.

क्लस्टर कोणता वापरायचा यावर खर्च ठरतो. एका कामापुरता उभारलेला व काम संपताच मोडणारा क्लस्टर डेटाब्रिक्समध्ये सर्वांनी मिळून वापरायच्या क्लस्टरपेक्षा स्वस्त दराने आकारला जातो. शिवाय तो प्रत्येक वेळी कोरा असल्याने आधीच्या कामाचे अवशेष नव्यात मिसळत नाहीत. तो उभा राहण्यास काही मिनिटे लागतात ही त्याची गैरसोय. मोकाट चालू राहिलेला क्लस्टर ही क्लाउडच्या देयकातील नेहमीची दुखरी जागा आहे. नोटबुक संपली तरी तो आपोआप थांबेलच असे नसते, त्यामुळे काही काळ निष्क्रिय राहिल्यास बंद होण्याची अट त्यास मुद्दाम घालावी लागते.

स्पॉट प्रकारची यंत्रे आणखी स्वस्त पडतात, पण ॲमेझॉन ती दोन मिनिटांची सूचना देऊन परत घेऊ शकते. एक्झिक्युटर गमावल्यास स्पार्क हरवलेला भाग पुन्हा गणून काढतो. ड्रायव्हर गेला तर मात्र संपूर्ण नोटबुकच संपते, म्हणून ड्रायव्हरसाठी कायम दराचे यंत्र घेणे शहाणपणाचे मानले जाते. संपूर्ण विदा पांडास तक्त्यात ओढून घेणारी एखादी ओळही ड्रायव्हरला असाच संपवू शकते. लिहिताना वापरलेल्या लहान नमुन्यावर ती सुरळीत चाललेली असते.

अपयश व पुनर्चालन

पेपरमिल मूळ नोटबुकला हात लावत नाही. प्रत्येक चालनाची वेगळी प्रत तयार होते व ती काम चालू असतानाच सेलगणिक भरत जाते. मध्येच त्रुटी आल्यास तोपर्यंतची उत्तरे प्रतीत राहतात आणि वरच्या बाजूस फसलेल्या सेलकडे नेणारी सूचना लिहिली जाते. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी नोटबुकची निवड केली त्यामागे हे एक प्रमुख कारण होते: काय चालले, कोणत्या मूल्यांवर चालले व काय निघाले, हे एकाच फाइलीत वाचता येते. साध्या लॉगमध्ये हे तीन धागे वेगवेगळे शोधावे लागतात.

काम पुन्हा चालवल्यास परिणाम दुप्पट होऊ नये, ही त्याची दुसरी बाजू. तक्त्याच्या शेवटी नोंदी जोडत जाणारी नोटबुक दोनदा चालली, तर त्या दिवसाची विक्री दुप्पट दिसते. त्या तारखेचा विभाग पूर्ण पुसून नव्याने लिहिणारी नोटबुक कितीही वेळा चालवली तरी तेच उत्तर राहते. जाळ्यातील अडचणीमुळे एकच आदेश दोनदा पाठवला जाण्याची शक्यता असते. त्यासाठी डेटाब्रिक्सच्या एपीआयमध्ये आदेशासोबत एक विशिष्ट खूण पाठवण्याची सोय असून ती खूण दुसऱ्यांदा आल्यास नवे काम सुरू होत नाही.

सुरक्षितता

स्वयंचलित नोटबुक माणसाच्या नव्हे, तर क्लस्टरला दिलेल्या भूमिकेच्या अधिकारात चालते. हे अधिकार सामान्यतः एखाद्या विश्लेषकाच्या अधिकारांहून व्यापक असतात. उत्तरांसह जतन झालेली प्रत हा या पद्धतीचा लाभ आहे, तसाच धोकाही. तपासणीसाठी छापलेल्या तक्त्याच्या पहिल्या दहा ओळींत ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक असतील, तर ते त्या प्रतीत कायम राहतात, मग मूळ तक्त्यावर कितीही कडक निर्बंध असोत. पॅरामीटरही प्रतीत उघड लिहिले जातात. म्हणून पासवर्ड पॅरामीटर म्हणून न देता गुपिते राखणाऱ्या स्वतंत्र सेवेतून चालनाच्या वेळी घेतले जातात.

टीका

न्यूयॉर्क येथील २०१८ च्या ज्युपिटरकॉन परिषदेत जोएल ग्रुस यांनी 'मला नोटबुक आवडत नाहीत' या अर्थाच्या शीर्षकाचे व्याख्यान दिले. सेल कोणत्याही क्रमाने चालवता येत असल्याने पडद्यावर दिसणारा मजकूर व कर्नलच्या स्मृतीतील स्थिती यांत फारकत होते, हा त्यांच्या मुख्य आक्षेपांपैकी एक होता. पिमेंतेल व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चालवून पाहिलेल्या ८,६३,८७८ वैध नोटबुकांपैकी केवळ २४.११ टक्के त्रुटीविना चालल्या व मूळ उत्तरे अवघ्या ४.०३ टक्क्यांत मिळाली.

स्वयंचालनामुळे यातील क्रमाचा दोष दूर होतो, कारण प्रत्येक वेळी नवा कर्नल सुरू होऊन सेल वरून खालीच चालतात. इतर दोष मात्र राहतात. लायब्ररींच्या आवृत्त्या नोटबुकमध्ये आपोआप नोंदल्या जात नाहीत. एका ओळीचा बदल जेसन फाइलीत उत्तरांसह मिसळल्याने आवृत्ती-तुलना वाचणे कठीण जाते. सेलमधील आज्ञांची सुटी चाचणी घेणेही अवघड असते. यामुळे अनेक संघ मुख्य तर्क साध्या पायथॉन मॉड्यूलमध्ये ठेवतात व नोटबुकमध्ये केवळ त्याला हाक मारून उत्तर मांडतात. एअरफ्लोसारख्या वेळापत्रक साधनांत पेपरमिल, डेटाब्रिक्स व ईएमआर या तिन्हींच्या नोटबुक चालवण्याची तयार सोय आहे. परंतु जेथे उत्तर वाचण्यास कोणीच येणार नाही अशा कामांना स्पार्क-सबमिटद्वारे थेट दिलेली आज्ञावलीच पुरेशी व सोपी असते.

भारतातील स्थान

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे उघडली. त्यामुळे असे क्लस्टर देशातच उभारणे शक्य झाले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये भरणा व्यवहारांची विदा केवळ भारतातच साठवण्याचा आदेश काढल्यानंतर आर्थिक क्षेत्रात क्लस्टरच्या स्थानास महत्त्व आले. नोटबुकच्या उत्तरांत अशी विदा छापली जात असल्यास चालनाच्या प्रती कोणत्या देशातील साठवणीत जातात, हेही त्यासोबत तपासावे लागते.