केसाची साक्ष : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठीत ‘तो केस’ डोक्यावर असतो आणि ‘ती केस’ कोर्टात चालते. दोघांची गाठ प्रयोगशाळेत पडते, आणि सर्वाधिक गैरसमज याच गाठीभोवती आहेत.

केसाचा तुकडा मिळाला की माणूस सापडला, हा समज मालिकांनी पक्का केला. कोपर स्टेशनजवळच्या एखाद्या सलूनमध्ये रात्री झाडून काढलेल्या ढिगात शेकडो माणसांचे केस असतील, पण कोणता कोणाचा हे सांगणे कठीणच. कात्रीने कापलेल्या केसाला मूळ नसते, आणि माणसागणिक वेगळा असणारा पेशीकेंद्रातील डीएनए पुरेसा मिळतो तो मुळाला चिकटलेल्या पेशींत. बाकीच्या केसात मुख्यतः मायटोकॉन्ड्रियल डीएनए सापडतो. तो आईकडून येतो. त्यामुळे आजी, आई, मामा, मावशी आणि सख्खी भावंडे यांच्यात तो सहसा सारखाच असतो. नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दोन केस ‘जुळतात’ असे सांगणे तर त्याहून कच्चे. अमेरिकेच्या एफबीआयने २०१५ साली आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक साक्षींत चुकीची विधाने आढळली.

केस म्हणजे केस, कुठलाही चालेल, हेही खरे नाही. भाषा याबाबत अधिक जागरूक आहे. मराठीत तान्ह्या बाळाचे जावळ, अंगावरची लव, कपाळावरची बट आणि साधूच्या जटा वेगवेगळ्या. स्पॅनिशमध्ये डोक्यावरचे केस ‘काबेयो’, अंगावरची लव ‘बेयो’, सरसकट शब्द ‘पेलो’, आणि पिकलेल्या केसाला ‘काना’ हे स्वतंत्र नाव. (मराठीत त्यासाठी ‘पांढरा केस’ असे दोन शब्द खर्चावे लागतात.) अमली द्रव्यांसाठी केस तपासतानाही हा भेद मोलाचा ठरतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूलगतचे तीन सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने मागचे तीन महिने. अंगावरची लव ठरावीक लांबीला येऊन थांबते. हाताच्या कोपरावरच्या लवेवरून महिने मोजता येत नाहीत. काल घेतलेले अमली द्रव्यही आजच्या केसात शोधण्यात अर्थ नाही, कारण त्वचेखाली वाढलेला भाग वर यायला जवळपास आठवडा लागतो.

केसांवरून शरीरातल्या सगळ्या खनिजांचा हिशेब मांडणाऱ्या चाचण्यांवर भिस्त ठेवू नये. २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा व्यावसायिक प्रयोगशाळांना दिले गेले. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. रंग, शाम्पू आणि धूळ यांचाही परिणाम होतोच.

मग केसांची तपासणी निरुपयोगी आहे का? तसेही नाही. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांतील लोकांचे केस हाताने ओढताच निघू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडले. ‘टक्कल व्हायरस’ आला, अशी अफवा उठली. संशय आधी शाम्पूवर, मग पाण्यावर आणि बुरशीवर गेला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या तपासात बोट वळले ते रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे. हे मूलद्रव्य शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते, जास्त झाले की केस आणि नखे गळतात. ठाण्यातील प्रयोगशाळेत या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम भरले. सर्वसाधारण प्रमाण १.९ धरले जाते. गहू धुतला की दोष जातो, हा समजही इथेच फोल ठरला. धुतलेल्या गव्हातही १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम उरलेच होते.

रुग्णांच्या केसांत सेलेनियम सुमारे १५० पट वाढल्याचे बावस्करांनी सांगितले. मात्र हा निष्कर्ष एकट्या केसावर उभा नव्हता. त्याच्या जोडीला रक्त, लघवी आणि ताटातला गहूही तपासलेला होता.