कलमांच्या राखणीला आलेली माणसं

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला समुद्राच्या कडेने जाताना आरे-वारेचा चढ आला की गाड्या थांबतात. खाली दोन्ही किनारे, सुरूचं बन, फेसाळता समुद्र. वरच्या अंगाला जांभ्याच्या गडग्यांआड हापूसची कलमं आहेत आणि कलमांत पत्र्याची खोपटी. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दसरा-दिवाळी, म्हणजे त्यांचे दशैं आणि तिहार, आटोपून नेपाळचे कामगार या परिसरातल्या बागांत उतरतात. मोहर आला की फवारणी, फळ धरलं की वानरांपासून आणि चोरांपासून राखण, मग झेल्याने काढणी, पेट्या भरणं आणि पावसाआधी परतीची वाट. मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणारे वेगळे. आपण या सगळ्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो आणि गाव-जिल्हा विचारायचं राहून जातं.

ही माणसं इथे का लागतात? २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आपले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले, आणि त्यांची जागा भरायला अशा डोंगराळ मुलखातून माणसं आली जिथे मागे बायका, म्हातारी आणि मुलंच उरतात. स्थलांतराचं दुःख कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. पण एक फरक आहे. गिरणगावातल्या चाकरमान्याला गाववाल्यांची खोली होती, खाणावळ होती, गावचं मंडळ होतं. पाळी सुटल्यावर त्याच्या बोलीत शिवी देणारा आणि आजारपणात उशाशी बसणारा कुणीतरी असायचा. बागेतला राखणदार रात्री एकटा, फार तर दुकटा असतो.

हा फरक किती मोलाचा आहे हे लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या अभ्यासातून कळतं. जेन बॉयडेल आणि सहकाऱ्यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. अल्पसंख्य वंशांच्या लोकांची वस्ती जिथे विरळ, तिथे त्यांच्यातलं स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. त्याआधी १९३२ सालीच ऑडेगार्ड यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांत हा आजार मायदेशातल्या लोकांपेक्षा जास्त असल्याचं नोंदवलं होतं. तेव्हा प्रश्न पडला होता की आजारी पडण्याचा कल असलेलेच घर सोडतात, की घर सुटल्याने माणूस आजारी पडतो. कॅम्बरवेलचे आकडे वाचल्यावर मला तरी दुसरी बाजू जड वाटते. एकटेपणा हा नुसता मनाचा हळवेपणा नाही, तो आजाराच्या कारणांत मोजावा लागतो.

आता असा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा काय घडतं ते पाहू. तो बहुधा ‘मन उदास आहे’ असं सांगत नाही. हातपाय झमझम करतात, म्हणजे मुंग्या येतात, बधिर होतात, असं सांगतो. डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात आणि केस मिटते. पश्चिम नेपाळातल्या जुम्ला जिल्ह्यात ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी याच तक्रारीचा अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. झमझम होणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण जास्त आढळलं. प्रत्येक झमझम म्हणजे नैराश्य, असं अर्थातच नाही. पण त्यापुढचे दोन प्रश्न, झोप लागते का आणि घरी सगळं ठीक आहे का, विचारायलाच हवेत.

हे प्रश्न विचारले तरी उत्तर देतो कोण? सोबत आलेला बागायतदार किंवा मुकादम. कामापुरती हिंदी सगळ्यांना येते. पगार, फवारणी, पेटी, रजा एवढ्याला ती पुरते. रात्री कुणाचे आवाज ऐकू येतात, गावातलं कर्ज कसं फिटणार, हे सांगायला ती पुरत नाही, आणि ज्याच्या हाती मजुरी आहे त्याच्यासमोर तर ते सांगवतही नाही. जफर करीम यांनी १९८३ साली लंडनमध्ये ‘नफ्सियात’ हे उपचारकेंद्र काढलं ते याच अडचणीसाठी: रुग्णाची भाषा आणि संस्कृती उपचाराच्या आत यायला हवी. आपल्याकडे त्यासाठी इमारत उभारायची गरज नाही. रत्नागिरीत वर्षानुवर्षं राहिलेली नेपाळी कुटुंबं आहेत, त्यांची मुलं मराठी शाळांत शिकली आहेत. त्यांतल्या मोठ्यांना गोपनीयतेचं प्रशिक्षण आणि मानधन देऊन फोनवर दुभाषी म्हणून बसवता येईल. शाळकरी मुलावर आईचा आजार सांगायचं ओझं मात्र टाकू नये.

रत्नागिरीकडे याची साधनं आहेत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला बंदी म्हणून इथे आणलं त्याच १८८६ साली इथलं मनोरुग्णालय सुरू झालं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांत हे सगळ्यांत लहान. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारी उपचाराचा हक्क ‘प्रत्येक व्यक्ती’ला देतो, नागरिकत्वाची अट घालत नाही. रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती द्यावी, असंही तो सांगतो. म्हणजे दुभाषी ही मेहरबानी नव्हे. भरकटलेली, आजारी वाटणारी व्यक्ती पोलिसांनी ताब्यात घेतली तर चोवीस तासांच्या आत तिला सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि ती बेघर असेल तर घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही कायद्यातच आहे. ही शोधाशोध किती साधू शकते ते डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेने दाखवलं. रस्त्यावरच्या हजारो रुग्णांना बरं करून तिने घरी पोचवलं, आणि या कामासाठी वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट तर उद्यापासून करता येण्याजोगी आहे. कीटकनाशकाच्या बाटल्या अनेकदा राखणदाराच्या खोपटीतच, अंथरुणाशेजारी असतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथल्या आत्महत्या सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरल्या. विष हाताशी नसलं की ती घडी निघून जाते आणि माणूस वाचतो. औषधांचं कपाट खोपटीपासून लांब, कुलपात ठेवायला बागायतदाराला फारसा खर्च येत नाही. शिवाय १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक खोपटीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिता येईल.

खरी पंचाईत मे अखेरीस होते. रुग्ण इथे सावरतो, गोळ्या लागू पडतात, आणि मग हंगाम संपतो. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे सीमा खुली आहे, माणूस सहज पलीकडे जातो; त्याचे उपचाराचे कागद मात्र मराठी-इंग्रजीत असतात, आणि ते पुढे कुणाला दाखवायचे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मातृका देवकोटा यांनी २००८ साली स्थापन केलेली ‘कोशिश’ ही संस्था नेपाळात मनोरुग्णांसाठी काम करते. अशा संस्थेशी रत्नागिरीच्या रुग्णालयाने पत्रव्यवहार ठेवला तर धागा तुटणार नाही. नेपाळी देवनागरीतच लिहितात. आजाराचं नाव, गोळीचं नाव, किती वेळा घ्यायची, कधी थांबवायची नाही, एवढं नेपाळीत लिहिलेलं एक पान आणि निदान दोन महिन्यांच्या गोळ्या, पेट्यांचा शेवटचा हिशेब होईल त्या दिवशी मजुरीसोबतच त्याच्या हातात पडायला हव्यात.