जाहिरात आपल्याला पटते कशी? हापूसच्या पेटीवरून समजून घेऊया

देवगड : मार्च लागला की मोबाईलवर आंब्याच्या जाहिराती सुरू होतात. "अस्सल देवगड हापूस, थेट शेतकऱ्याच्या बागेतून. आजोळची चव पुन्हा चाखा. आजच बुक करा, थोड्याच पेट्या शिल्लक." मजकूर एवढासाच, पण माणसाला पटवायच्या सगळ्या युक्त्या त्यात आल्या. आपण आंबा विकणारे लोक. त्यामुळे ही भाषा आपल्याला लवकर कळायला हवी, कारण तीच भाषा वापरून वर्षभर आपल्यालाही माल विकला जातो.

सुमारे २,३०० वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या अॅरिस्टॉटलने सांगून ठेवलंय की, बोलणारा माणूस समोरच्याला तीन प्रकारे पटवतो. स्वतःबद्दल विश्वास निर्माण करून, भावनेला हात घालून किंवा हिशोब मांडून. आजच्या जाहिरातीसुद्धा याच तीन वाटांनी येतात.

विश्वास

"देवगड" हे नाव म्हणजेच विश्वास. चव बघायच्या आधीच गिऱ्हाईक नावावर पैसे काढतं. म्हणूनच कर्नाटकातून आलेला आंबाही बाजारात या नावाने खपवला जातो. टीव्हीवर पांढरा कोट घातलेला माणूस टूथपेस्ट दाखवतो, क्रिकेटपटू पंख्याची हमी देतो, तेही हेच. कोट घातला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही आणि चांगली बॅटिंग केली म्हणून पंख्यातलं कळतं असंही नाही. उसना विश्वास आहे तो.

भावना

"आजोळची चव" म्हटलं की मुंबईतल्या चाकरमान्याला गावचं घर आठवतं, मग तो दर विचारत नाही. अक्षय्य तृतीयेला सोन्याच्या जाहिरातीत लेकीचं लग्न येतं, विम्याच्या जाहिरातीत बापाची काळजी येते. भीती आणि लाज याही भावनाच. गोऱ्या रंगाच्या क्रीमने अनेक वर्षं सावळ्या मुलींच्या मनात कमीपणा भरला. टीका वाढली तेव्हा २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करावं लागलं. "थोड्याच पेट्या शिल्लक" हीपण भीतीच आहे, संधी हुकण्याची. घाई झाली की माणूस विचार करायचा थांबतो.

हिशोब

आकडे बघितले की आपल्याला वाटतं, यात फसवणूक नसणार. पण ९९९ रुपये म्हणजे हजारच. "५० टक्क्यांपर्यंत सूट" यात सगळा खेळ "पर्यंत" या शब्दाचा. "दुप्पट शक्ती" म्हणतात, पण कशाच्या दुप्पट ते सांगत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं "हेल्थ ड्रिंक" या गटातून काढायला सांगितली. कारण अन्नसुरक्षा कायद्यात "हेल्थ ड्रिंक" अशी व्याख्याच नाही. शब्द शास्त्रीय वाटला म्हणून त्याला कायद्याचा आधार असेलच असं नाही.

बागायतदारही गिऱ्हाईकच

आता आपल्याच बागेकडे बघा. मोहोर फुटायच्या दिवसांत टॉनिकच्या जाहिराती येतात. बाटलीवर लगडलेली फांदी (भावना), "प्रगतशील बागायतदाराचा अनुभव" (विश्वास) आणि "उत्पन्नात भरघोस वाढ" (हिशोब). तुडतुडा, थ्रिप्स आणि अवकाळी पावसाने जीव टांगणीला लागलेला असतो, तेव्हा कुठलीही बाटली पटते. अशा वेळी तीन गोष्टी विचारायच्या. यात नेमका घटक कोणता? वाढ किती आणि कोणत्या बागेत मोजली? पक्कं बिल देणार का? बिलाचं नाव काढलं की दुकानदार टाळाटाळ करतोय, तर ती बाटली तिथेच ठेवा.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. खातरजमा न करता जाहिरात करणाऱ्या नामवंतांवरही कारवाई होऊ शकते. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, खालची सूचनाही त्याच भाषेत आणि वाचता येईल अशी हवी. वर मराठीत मोठा दावा आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं, हे चालत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरातीचा फोटो आणि बिल जपून ठेवा.

आपल्या नावाचं काय?

जाहिरातीत विश्वास, भावना, हिशोब असणं यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की, मागे खरा माल आहे का. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर वेगळा कोड असलेले स्टिकर आणले. "अस्सल" हा नुसता शब्द राहू नये, तो तपासता यावा, यासाठीच ही धडपड आहे.

पण स्टिकर आपल्या हातात असतो, तशी जबाबदारीही आपलीच. बाहेरचा आंबा आपल्या पेटीत भरला, किंवा बंदी असलेल्या कार्बाइडने पिकवून "अढीतला आंबा" म्हणून विकला, तर तीही दिशाभूलच. मुंबईच्या गिऱ्हाईकाने "खयचो आंबो ह्यो?" असं विचारलं, तर आपल्याला नजर न चुकवता उत्तर देता यायला हवं. आणि दुकानात आपण गिऱ्हाईक असू, तेव्हा हाच प्रश्न आपणही बिनधास्त विचारायला हवा.