जाणणे वेगळे, शिकविणे वेगळे

भुसार पेढीवर उभी हयात घालविलेला मुनीम तुरीचा दाणा दाताखाली धरतो आणि माल वाळलेला आहे की दमट, हे क्षणात सांगतो. गादीजवळ उभा असलेला नवा मुलगा विचारतो, ‘‘काका, हे कळते कसे?’’ उत्तर ठरलेले असते : ‘‘बघत राहा, येईल आपोआप.’’ मुलगा बघत राहतो. पुढे एके दिवशी त्याच्या हातून दमट माल घेतला जातो, पोत्यांना बुरशी धरते आणि ‘मठ्ठ आहे’ असा शेरा मारून त्याला निरोप दिला जातो. काही वर्षांनी मुनीमही थकून घरी बसतो. त्याच्याबरोबर पेढीचे अर्धे शहाणपण निघून जाते. ही हानी कोणत्याही खतावणीत नोंदली जात नाही.

यात मुनीमाचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. ज्याला काम येते त्याला ते शिकविताही येते, या समजुतीचा तो दोष आहे. शिकविणे हे स्वतंत्र कौशल्य असून ते थोड्या दिवसांत, पद्धतशीरपणे आत्मसात करता येते. कामाच्या ठिकाणी शिकविणाऱ्यांसाठी असलेले अल्प मुदतीचे प्राथमिक अभ्यासक्रम याच पायावर उभे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत या प्रश्नाने उग्र रूप धारण केले होते. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत कधीही यंत्रास हात न लावलेली माणसे आली. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी उपक्रमाने मुकादमांसाठी अवघ्या १० तासांचा अभ्यासक्रम तयार केला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि एका वर्गात साधारण १० जण, एवढाच त्याचा पसारा. १९४० ते १९४५ या काळात या उपक्रमाच्या विविध अभ्यासक्रमांतून १६ लाखांहून अधिक व्यक्ती प्रमाणित झाल्या. युद्धानंतर हीच पद्धत जपानच्या उद्योगांत रुजली.

त्या वर्गाची पहिली बैठक मोठी बोलकी असे. प्रशिक्षक विजेच्या तारेची एक विशिष्ट गाठ कशी मारावी, हे एकास केवळ तोंडी सांगे. त्याला गाठ जमत नसे. मग दुसऱ्यास न बोलता केवळ करून दाखवी. त्यालाही जमत नसे. शेवटी तीच गाठ पद्धतशीरपणे शिकविली की ती जमे. नुसते सांगणे म्हणजे शिकविणे नव्हे आणि नुसते दाखविणेही नव्हे, हे मुकादमांना तिथल्या तिथे पटे. ‘बघत राहा’ हा आपल्या पेढ्यांवरचा उपदेश का फसतो, याचेही उत्तर त्या गाठीत आहे.

पद्धत चार पायऱ्यांची. प्रथम शिकणाऱ्याची भीती घालवावी आणि त्यास काय ठाऊक आहे ते जाणून घ्यावे. दुसऱ्या पायरीत काम एकेका टप्प्याने दाखवावे, प्रत्येक टप्प्यातील कळीचा मुद्दा आणि त्यामागचे कारण सांगावे. तिसऱ्या पायरीत ते काम त्याच्याकडून करून घ्यावे आणि करताना त्यालाच बोलते करावे. शेवटी त्यास कामावर सोपवावे, अडल्यास कोणास विचारायचे ते सांगावे आणि अधूनमधून पाहणी करावी. शिकणारा शिकला नाही, तर उणीव शिकविण्यात शोधावी, असा या पद्धतीचा दंडक आहे.

तुरीच्या दाण्यास हे लावून पाहावे. नमुना केवळ पोत्याच्या तोंडातून घेऊ नये, आतूनही घ्यावा. कारण वरचा थर उन्हाने वाळलेला असू शकतो. दाणा चावल्यावर कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर दमट. वाळलेला आणि दमट असे दोन्ही नमुने मुलाच्या हाती द्यावेत आणि फरक त्यानेच सांगावा. मुनीमाने वर्षानुवर्षे मनात साठविलेले ज्ञान असे एका कागदावर उतरते. हाताला मुरण्यासाठी सराव लागतोच. पण नेमका कशाचा सराव करायचा, हे तरी मुलास पहिल्या दिवशी कळते.

भारतात क्षेत्रीय कौशल्य परिषदांमार्फत प्रशिक्षकांचे असे प्रशिक्षण होते. किरकोळ विक्री, रत्ने व दागिने अशा व्यापाराशी निगडित क्षेत्रांच्या परिषदाही त्यांत आहेत. त्यात विषयाचे ज्ञान आणि शिकविण्याचे तंत्र या दोहोंची परीक्षा होते. पात्रता आणि कालावधी कामागणिक बदलतो. आयटीआयच्या निदेशकांसाठीचा वर्षभराचा अभ्यासक्रम निराळा; त्या मानाने ही पहिली पायरी लहान आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले असल्याने, वाढत्या व्यवसायात शिकविणारा माणूस असणे ही आता गरज झाली आहे.

अशा अभ्यासक्रमास सर्वाधिक विक्री करणाऱ्यासच पाठवावे, असे नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी ज्याच्या कपाळावर आठी उमटत नाही, तो या कामास योग्य. घरातील सून वा लेक, जी दुकानाचा एखादा विभाग सांभाळते, तिचाही विचार व्हावा. प्रमाणपत्र कोण देतो आणि ते शासनमान्य आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. प्रमाणपत्राने व्यवसायाचा अनुभव येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ते अनुभव वाटण्याची रीत तेवढी देते.

शिकून परतलेल्या माणसास पहिले काम मात्र पेढीवरच आहे. मुनीमकाकांशेजारी वही घेऊन बसावे, त्यांनी दाणा दाताखाली धरला की थांबवून विचारावे, ‘‘आता नेमके काय जाणवले?’’ काका क्षणभर गोंधळतील, कारण असे त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते. मग ते सांगू लागतील.